कालचं घर

शिलाई मशीन न्यायचं की नाही, हे काही केल्या ठरत नव्हतं. सकाळी ते खोक्यात गेलं, जेवणं झाल्यावर बाहेर आलं, आणि आता दारातच ठाण मांडून बसलं होतं. येणारा-जाणारा त्याला ठेचकाळत होता. येणारं-जाणारं तरी कोण? ती स्वतः, तिची सात वर्षांची लेक ठमी आणि मदतीला म्हणून आलेली नणंद.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. परदेशात तेच काम मिळालं म्हणून तो आधी गेला होता, आणि येत्या रविवारी मायलेकी त्याच्याकडे निघणार होत्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची नोकरी तिनं सोडली होती. घरमालकालाही घर सोडतोय म्हणून कळवून झालं होतं. राहिलं होतं फक्त सामान, आणि त्या सामानानंच तिच्या नाकीनऊ आणले होते.

त्याला कारण नवरा. रोज फोनवर तो घराचं वर्णन करायचा.

"अगं, पडदे आण. खिडक्या ह्या एवढाल्या आहेत!"

पडदे बॅगेत गेले, की दुसऱ्या दिवशी, "पडदे कशाला? एकच खिडकी आहे, तीसुद्धा शेजारच्या भिंतीसमोर." एकदा म्हणाला गॅस आहे, घरातली सगळी भांडी चालतील. मग म्हणाला विजेची शेगडी आहे, सपाट बुडाचीच आण. तिनं पातेली उलटी करून एकेकाचं बूड तपासलं. तोवर पुन्हा गॅस आला होता.

"वहिनी, माझ्या भावाचं डोकं कुठल्या तरी लिफ्टमध्ये अडकलंय," बॅगेवर बसून चेन ओढत नणंद म्हणाली. "नीट विचार तरी त्याला."

ती काय विचारणार? तिला वाटत होतं, आपल्याच ऐकण्यात घोळ होतोय.

तेवढ्यात फोन वाजला. ठमीनं तो पटकावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी माझ्या खोलीच्या निळ्या दारावर चिकटवायला तारे घेतलेत."

"दार?" तो अडखळला. "दार नाहीये गं, राणी. पडदा आहे. छान लांबलचक."

ठमीचं तोंड उतरलं. "मग कालचं घर चांगलं होतं, बाबा. आपण कालच्याच घरात राहू या ना."

नणंदेच्या हातातली चेन अर्ध्यावर थांबली. ठमीच्या आईनं तिच्याकडून फोन घेतला.

"अहो, किती घरं आहेत आपली?"

तो म्हणाला, "एकही नाही."

"म्हणजे?"

"काम सुटलं की रोज एखादं बघायला जातो. बघितलं की वाटतं, हे मिळणारच. त्याच भरात तुला सांगून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी निरोप येतो, दुसऱ्याला दिलं म्हणून." त्याचा आवाज बारीक झाला. "थापा नव्हतो मारत गं. सांगताना मला ते खरंच वाटायचं."

रागवावं तर कुठल्या घरावरून रागवावं? एका घरात तिनं मनातल्या मनात कपाट लावलं होतं. दुसऱ्यात ओट्याशी उभी राहून ठमीला हाकासुद्धा मारल्या होत्या. एका घरासाठी तर पडद्यांची उंची कमी करून घेतली होती.

नणंदेनं फोन हिसकावला. "दादा, लाज नाही वाटत? पोरीला कुठे ठेवणार, गच्चीत?" भावाला भरपूर झापून तिनं फोन ठेवला, आणि लगेच स्वतःच डोळे पुसायला लागली. "लहानपणापासून असाच आहे गं तो. वाईट सांगायची वेळ आली की याची जीभच उचलत नाही." मग म्हणाली, "आत्ता जाऊ नकोस, वहिनी. दोघी माझ्याकडे राहा. घर मिळालं की जा."

यात चूक काहीच नव्हतं. ती हो म्हणाली. सकाळी उठल्यावर नाही म्हणाली. चहा होईपर्यंत पुन्हा तिचं तिलाच कळेनासं झालं. शेवटी तिनं आपणहून नवऱ्याला फोन लावला.

"तुम्ही सध्या झोपता कुठे?"

इतक्या दिवसांत हे तिनं विचारलंच नव्हतं. तो चाचरत सांगू लागला. कारखान्यामागची एक खोली. सोबत एक वायरमन आणि एक म्हातारा मिस्त्री. लोखंडी खाटा, भिंतीत एक फळी.

"उजेड येतो?"

"सकाळी थोडा वेळ."

"शेगडी?"

"एकच. सगळ्यांत मिळून."

"आणि आम्ही आलो तर ते दोघं?"

"वायरमन त्याच्या भावाकडे जाईन म्हणतोय. मिस्त्री म्हणतात, मी ऑफिसात अंग टाकीन, पोरीला आण."

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम तेच प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरं तीच आली. तिच्या जिवाला जरा थारा मिळाला. मग तिनं त्या फळीवर मावेल एवढंच सामान भरायला घेतलं: अंथरुणं, गरम कपडे, एक कुकर, ठमीची पुस्तकं. शिलाई मशीनसकट बाकी सगळं नणंदेकडे रवाना झालं. आपण शहाणपणा करतोय की वेडेपणा, हे तिला निघेपर्यंत कळलं नाही. निरोप देताना नणंदेनं विचारलं, "घाबरलीस?" तर ती म्हणाली, "तेही धड समजत नाहीये."

रविवारी त्या निघाल्या आणि पोचल्या. मिस्त्रींनी खोली झाडून मधोमध दोरीवर चादर टाकली होती. तिनं पहिली बॅग उघडली. वर तेल ओतायचं नरसाळं होतं आणि कुणाची तरी एका पायाची चप्पल. ह्या दोन वस्तू आपण कधी आणि कशासाठी घेतल्या, तिला आठवेना. तिला हसू फुटलं, आणि हसताहसताच डोळे भरून आले. ठमी खाटेवर उड्या मारत होती. नवरा मात्र दाराशी अवघडून उभा होता.

"बसा की आता," ती नाक ओढत म्हणाली. "पाहुण्यासारखे उभे काय राहिलात?"

तो खाटेच्या कडेला टेकला. मग तिच्या लक्षात आलं, खोली तर त्याचीच आहे, आणि बसायला आपण सांगतोय. ती तशीच नरसाळं हातात धरून उभी राहिली.