टेर्नाची रेष

सिग्रुनने सूप वाढायचा डाव बोटीच्या तळातल्या वाशाच्या पोकळीत घातला आणि कोपरापर्यंत हात आत ढकलला. बाहेर आलं त्याला लाकूड म्हणवत नव्हतं. काळा, थंड, मुठीत धरला तर पाणी गळेल असा लगदा होता तो, आणि त्याला बंद तळघराचा वास येत होता. तिने तो बादलीत आपटला. ताडपत्रीच्या तंबूबाहेर अशा बादल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या आणि बोटक्लबातला येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांत डोकावून, मान हलवून पुढे जात होता.

टेर्ना तिच्या वडिलांची बोट. एकवीस फुटी, फायबरची, सिग्रुन शाळेत जायला लागली त्या वर्षी घेतलेली. डेकला वरून फायबर, खालून फायबर आणि मध्ये प्लायवूड. तळाला लांबीभर जाणारे दोन वासे, तेही लाकडाचेच, फायबरमध्ये गुंडाळलेले. आता फायबर काही कुजत नाही. आतलं लाकूड मात्र कुणाला पत्ता न लागू देता कुजतं आणि वरून बोट चकाचक दिसत राहते. गेल्या सप्टेंबरात सिग्रुनचा धाकटा भाऊ हालवोर दोर बांधायला डेकवर उतरला आणि एका पायाने गुडघ्यापर्यंत आत गेला. धक्क्यावर तेव्हा अर्धा क्लब उभा होता. नडगी भरून आली, हसं झालेलं काही भरून येईना.

"अजून उकरतेच आहेस, ताई?" हालवोरने ताडपत्री वर करून डोकं आत घातलं. "राहिलंय काय त्यात? नुसतं कवच."

"कवच चांगलं आहे."

"खेकडा खाऊन झाला की कवच चांगलंच असतं."

सिग्रुन हसली नाही. हालवोर आत येऊन आधाराच्या लाकडाला टेकला. वासे काढले की बोटीचं अंग सैल पडतं, म्हणून तिने आधी बाहेरून हात-हातभर अंतरावर टेकू लावून घेतले होते. हालवोरने ते सगळे पाहिले.

"बाबा होते तोवर बोट ठणठणीत होती," तो म्हणाला. "दोन हिवाळे तुझ्या ताब्यात होती. एक ताडपत्री तर बांधायची होती."

ताडपत्री तिने बांधली होती. पण पहिल्याच हिवाळ्यात वाऱ्याने एक कोपरा फाडला, आणि वृद्धाश्रमातल्या नोकरीच्या पाळ्या आटोपून ती क्लबवर आली तेव्हा बोटीत गुडघाभर बर्फ साचला होता. तो तिने एकटीने उपसला. ते कुणाला सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. तेव्हापासून बाबांच्या फोटोकडे बघताना तिला अपराध्यासारखं वाटे.

"मला अर्धा वाटा नको," हालवोर म्हणाला. "पण ही धक्क्यावर सडत पडलेली मला बघवणार नाही. क्रेनच्या दिवशी पाण्यात जाऊ दे. सगळ्यांची कॉफी होईपर्यंत तळ कोरडा राहिला, तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर सोमवारी भंगारवाला ट्रेलर घेऊन येईल. बोलून ठेवलंय मी."

बोटी पाण्यात सोडणारी क्रेन वसंतात एकदाच येते. त्या दिवशी जी बोट तयार नसेल ती उन्हाळाभर जमिनीवर राहते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिग्रुनने हातातला डाव पुसला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

मग तिने कंबर कसली. कामावरून सुटली की थेट तंबूत. तोंडावर मास्क, अंगात कागदी डगला, हातात ग्राइंडर. फायबरची धूळ डगल्याच्या शिवणीतून आत शिरे आणि झोपेतसुद्धा दंड खाजत. जुन्या लाकडाचा शेवटचा कण निघेपर्यंत ती घासत राहिली. नवे वासे तिने पाइनचे घेतले, तळाच्या गोलाईप्रमाणे रंधा मारून मारून बसवले, आणि एका शनिवारी सकाळी त्यांच्यावर फायबरचं कापड अंथरून रेझिन पाजलं. थंडीत रेझिन सुकत नाही, म्हणून तंबूत हीटर लावला आणि ती कामावर गेली.

नेमकी त्याच दिवशी क्लबची सामुदायिक साफसफाई होती. सगळ्यांनी मिळून धक्का धुवायचा, फळ्या ठोकायच्या आणि मग वाफल खायचे. वाफल भाजायचं यंत्र क्लबचे चिटणीस तेल्लेफ यांनी नेमकं तंबूच्या शेजारच्या प्लगमध्ये खुपसलं. फ्यूज उडाला. तेल्लेफनी यंत्र दुसरीकडे नेलं, वाफल भाजले, वाटले, खाल्ले. हीटर बंद पडला आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

रविवारी सिग्रुनने वाशावर बोट टेकवलं आणि ते चिकटलं. सगळं रेझिन अर्धवट आटलेल्या पाकासारखं लिबलिबीत राहिलं होतं. ती खाली बसली. तंबूच्या तोंडाशी तेल्लेफ उभे होते; बंद हीटर त्यांनीही पाहिला होता. त्यांचा आवाज एरवी खाडीपलीकडे ऐकू जातो.

"मी खरवडू लागतो," ते पुटपुटले.

"काका, तुम्ही हातसुद्धा लावू नका."

"मग प्लग तरी राखतो."

आणि त्यांनी तो खरंच राखला. सिग्रुनने सगळं खरवडून काढून पुन्हा पहिल्यापासून कापड अंथरलं, तोवर आणि त्यानंतरही, तेल्लेफ घडीची खुर्ची टाकून त्या प्लगपाशी बसून राहिले. मोबाईल चार्ज करायला आलेल्या पोरालाही त्यांनी हाकलून लावलं. अधूनमधून मात्र तोंड सुटायचंच.

"तुझ्या त्या बादल्यांतलं लाकूड मी चुलीत घालून बघितलं, सिग्रुन. चूल विझली."

या खेपेला रेझिन दगडासारखं घट्ट झालं. वर नवं प्लायवूड, त्यावर नवं फायबर. डेक पुरं झालं तेव्हा तिने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिलं. कुजकं डेक थप् असं वाजतं. हे सगळीकडे टण् टण् वाजलं. तंबूत तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून तिने ते पुन्हा एकदा सगळं ठोकलं, निव्वळ ऐकायला बरं वाटत होतं म्हणून. मग बोटीच्या अंगावर पाणी कुठवर येतं ते दाखवणारी जुनी रेष होती तिथेच पट्टी चिकटवून तिने खालचा लाल रंग दिला.

क्रेनच्या दिवशी ऊन होतं आणि वारा बोचरा. बोटी एकेक करून क्रेनच्या पट्ट्यांवर उचलल्या जात होत्या. टेर्नाची पाळी आली तेव्हा सगळे धक्क्याच्या कडेला सरकले. हालवोर हात खिशात घालून उभा होता. बोट उचलली गेली, धक्क्यावरून फिरली आणि हळूहळू खाली गेली. पाण्याला टेकली. पट्टे सैल पडले.

पहिल्यांदा हसले ते तेल्लेफच.

"सिग्रुन! रेष मारताना चष्मा घरी राहिला होता का?"

बोटीभोवती, पाण्याच्या वर, लाल रंगाचा काडेपेटीएवढा रुंद पट्टा दिसत होता. लाल रंग पाण्याखाली हवा. तो असा उघडा दिसला की शिकाऊ हाताने रंगवल्यासारखं वाटतं. धक्क्यावर हशा पिकला. सिग्रुनचे कान तापले. एवढं सगळं करून रेष चुकावी! तिला हसता येईना आणि रागावताही येईना. ती बोटीत उतरली, इंजीन सुरू केलं, आणि ते पहिल्याच फटक्यात धडधडायला लागलं. हशाची जागा टाळ्यांनी घेतली.

मग कॉफी झाली. शेवटचा कप रिकामा झाला तसा हालवोर उठला. तो बोटीच्या कडेशी क्षणभर थांबला आणि डेकवर उतरला. दोन्ही पायांनी. मग गुडघे टेकून त्याने तळावरचं झाकण उघडलं आणि हात आत घातला. त्याने हात वर काढला, बोटं एकमेकांवर चोळली. बोटांना लाकडाचा कोरडा भुसा लागला होता.

"कोरडा आहे," तो म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. पण हालवोर धक्क्यावर परत आला तो तिच्याकडे न येता कडेला उकिडवा बसला आणि त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिला.

"ताई, ही रेष तू कुठून घेतलीस?"

"होती तिथूनच. जुन्या रेषेवरच पट्टी चिकटवली. नीट बघून चिकटवली होती रे."

"पट्टीचं एक टोक मी धरायचो," तो म्हणाला. "दर वसंतात. दुसरं बाबा. ते म्हणायचे, जरा वर घे हालवोर, रेषेच्या वर शेवाळ धरतंय. दर वर्षी जराशी वर. वाफल खाऊन आपणच जड झालो, म्हणून हसायचे. मी शाळेत होतो गं तेव्हा."

सिग्रुनने पट्ट्याकडे पाहिलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. तेव्हा ताडपत्री घट्ट बांधलेली होती, बाबा धडधाकट होते, आणि टेर्ना वर्षानुवर्षं पाणी पीत होती. बोट जड होत गेली तशी ती खाली बसत गेली, आणि बाबा रेष वर घेत गेले. आता बोट हलकी होऊन पुन्हा वर आली होती. तो सगळा लगदा फाटक्या कोपऱ्यातून आलेला नव्हताच. छातीवर दोन वर्षं बसून राहिलेलं काहीतरी उठून गेलं आणि ती एकदम मोठ्याने हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अगं, हसतेस काय?" तिकडून तेल्लेफ ओरडले. "पुढच्या वर्षी चष्मा मी आणून देतो!"

हालवोर उठून उभा राहिला. सप्टेंबरात जेवढे लोक होते तेवढे सगळे आजही तिथे होते, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"तिची काही चूक नाही, काका! ती रेष आमच्या बाबांची आहे. बोट तेव्हापासूनच कुजत होती. हिने ती बरी केली."

मग तेल्लेफनी डोक्यावरची टोपी काढली, आणि टोपीचं काय करावं ते न सुचून ती परत घातली.

"आणि रेष पुढच्या वसंतात मी खाली घेणार आहे," हालवोर जरा हळू म्हणाला, सिग्रुनला. "टोक तू धर."

त्याने खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याचा नंबर लावला.