मोकळी झालेली वाट

शामराव बरा झाला, म्हणून तेजराम इलाजाला तयार झाला. नाहीतर त्यानं आणखी किती वर्षं ते दुखणं झाकून ठेवलं असतं, देव जाणे.

दोघंही मूळचे तुमसरकडले. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये बरोबरच लागले, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये बरोबर राबले आणि रिटायर झाल्यावर हुडको वसाहतीत जवळजवळच्या गल्ल्यांत घरं घेऊन राहिले. संध्याकाळी फिरायला निघाले की कोणत्या झाडामागे, कोणत्या भिंतीच्या आडोशाला थांबायचं, हे न बोलता ठरलेलं असे. शामराव भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "म्हाताऱ्याइची मीटिंग सुरू झाली गा!" तेजराम हसायचा. पण शामरावचं आटोपलं तरी त्याचं सुरूच झालेलं नसायचं, आणि तेवढ्यात मागून कुणाची गाडी आली की तो तसाच परत फिरायचा.

त्याचा त्रास फार जुना होता. तो रेल मिलमध्ये क्रेन चालवायचा. एकदा शिडी चढून वरच्या केबिनमध्ये बसलं की मधेच खाली उतरता येत नसे. खाली लालबुंद रूळ सरकत असायचे, लोक हात हलवून इशारे करत असायचे, आणि हा वर रोखून धरून बसायचा. पुढे वय झालं, धार बारीक झाली, मग तुटक, मग नुसती थेंब थेंब. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. बायकोला, मैनाबाईलाही नाही; शामरावला तेवढं न सांगता कळलं होतं. लग्नाकार्याला जाणं बंद केलं. गोंदियाला सख्ख्या बहिणीच्या तेरवीलासुद्धा तो गेला नाही. लोकांमधून सारखं उठावं लागेल, या भीतीनं. घरी सांगितलं, गुडघा दुखतो.

मग शामरावनं दुर्गच्या एका दवाखान्यात इलाज करून घेतला. महिना-दोन महिन्यांनी तो फिरायला आला तो एकदम तरतरीत.

"वाफ सोडतेत गा आतमंदी," तो सांगू लागला. "चिरफाड नाई, टाका नाई. प्रोस्टेटची गाठ आपोआप सुकते."

"दुखते का?"

"सुरुवातीले आग होते. मंग पाहाय! पोरपणी लागत होती तशी धार लागते. तू बी करून घे. कावून भोगून राहिला बेकार?"

तेजरामनं ही गोष्ट आधी सुनेला सांगितली. मुलाला सांगायला जीभ उचलेना. भूपेंद्र प्लांटमधूनच शिफ्ट करून यायचा, थकलेला असायचा. सून नीतू दुर्गची, हिंदीत वाढलेली, मराठी घरापुरती शिकलेली. तिनं जास्त काही विचारलं नाही. भूपेंद्रशी बोलून डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सोनोग्राफी पाहिली, परत पाहिली आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "दादा, बहुत देर कर दी आपने. पेशाब की थैली फैल गई है. रास्ता मैं खोल दूँगा, पर थैली कितना साथ देगी, वो बाद में ही पता चलेगा."

भूपेंद्रनं ते नीट ऐकलं. तेजरामनं फक्त 'रास्ता खोल दूँगा' एवढंच ऐकलं. घरी येताना तो भूपेंद्रच्या मोटरसायकलवर मागे बसून सुपेल्याच्या बाजाराकडे असा बघत होता, जसा कुणी बऱ्याच वर्षांनी गावी परतल्यावर बघतो. गोंदियाला जाऊ, बहिणीच्या पोरांना भेटून येऊ, मैनाबाईला रामटेकला घेऊन जाऊ, असं काय काय त्याच्या मनात येत होतं.

इलाज लवकर आटोपला. कमरेखाली बधिर केलं होतं, तरी वाफ आत गेली तेव्हा खोल कुठेतरी ऊन ऊन काही पसरल्यासारखं वाटलं. बाहेर आला तो नळी घेऊनच. नळीच्या टोकाला थैली, थैली मांडीला बांधलेली. सूज उतरेपर्यंत नळी राहील, असं डॉक्टरनं सांगितलं.

घरी आल्यावर पोटात गोळे उठायचे. लघवी लागली लागली असं वाटायचं आणि नळीतून चार थेंब लालसर पाणी यायचं. तो लुंगी मुठीत धरून भिंतीला डोकं टेकायचा. मैनाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, थैलीच्या तोटीची चावी तिला दिसत नसे. एकदा तिच्या हातून थैली सांडली आणि खोलीभर वास पसरला. तेव्हापासून नीतू थैली रिकामी करायला लागली.

पहिल्या वेळेला तेजराम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"नीतू, तू नको करू बेटा. भूपेंद्र येते ना संध्याकाळी."

"तवरी भरून जाते न, बाबूजी," ती म्हणाली. बादली उचलून न्हाणीकडे गेली, पाण्याचा आवाज आला, परत येऊन तिनं चावी बंद केली. "लाल कमी झाला आज. अच्छा है."

ती चांगल्या मनानं बोलत होती, हे त्याला कळत होतं. पण आपल्या लघवीचा रंग सून सांगते, यापलीकडे माणसाचं काय उरतं, असं त्याला झालं. त्या दिवशी तो जेवला नाही.

नळी काढायच्या दिवशी भूपेंद्रला सुट्टी मिळाली नाही. शामराव बरोबर आला. नर्सनं नळी काढली, पाणी पाजलं आणि सांगितलं, व्हरांड्यात फिरत राहा, लागली की जा. तेजराम फिरू लागला. शामराव त्याच्या बरोबरीनं चालत होता, गप्पा मारत होता, मधेच म्हणत होता, "घाई नोको करू." लागली तेव्हा तेजराम आत गेला. नळ सोडला, डोळे मिटले, जोर लावला. काही आलं नाही. बाहेर येऊन पुन्हा फिरला, पुन्हा आत गेला. पोट टणक झालं, कपाळावर घाम आला. शेवटी तो व्हरांड्यातच बाकावर वाकून बसला आणि लेकरासारखा कण्हायला लागला. आजूबाजूचे पेशंट बघत होते. शामराव धावत नर्सला बोलवायला गेला. नळी परत आत गेली तेव्हा थैली बघता बघता भरली.

"होते गा," शामराव परतताना ऑटोत म्हणाला. "कोणाले वेळ लागते."

"तुले लागला होता का?"

शामरावनं ऑटोवाल्याला गाडी सावकाश घ्यायला सांगितलं.

दुसऱ्यांदाही तेच झालं. मग डॉक्टरनं आतल्या दाबाची तपासणी केली. कागद त्यानं तेजरामसमोर ठेवला. या वेळी भूपेंद्र हजर होता.

"गाठ सिकुड़ गई है, दादा. रास्ता एकदम खुला है. पर पेशाब की थैली में धकेलने की ताकत नहीं बची. सालों तक जोर लगा लगा के थक गई वो."

"मंग आता?"

"कभी कभी ताकत लौट आती है. मैं झूठा भरोसा नहीं दूँगा. तब तक आप पतली नली से खुद निकालना सीख लो, दिन में चार-पाँच बार. नर्स सिखा देगी."

तेजरामनं मुलाकडे पाहिलं. भूपेंद्रनं मान खाली घातली होती.

"सोताच्या हातानं?" तेजराम म्हणाला. "मी नाई करत." आणि तो उठला. डॉक्टर मागून समजावत राहिला, पण तो दारापर्यंत गेला होता. नाइलाजानं जुनी नळी आणि थैली तशीच ठेवून त्याला घरी आणलं.

त्यानंतर तो पुढच्या खोलीत बसेनासा झाला. मागच्या खोलीत खाटेवर पडून राही. मैनाबाई ताट घेऊन आली की म्हणे, "ठेव तिकडे." तिनं एकदा विचारलं, "अवो, इतकी वर्षं मले का नाई सांगतलं? पहिलेच गेलो असतो तं..." यावर तो असा काही ओरडला की ती नंतर ताट ठेवून मुकाट्यानं जाऊ लागली.

शामराव मात्र येत राहिला. एका दुपारी तो पेरू घेऊन आला. स्वतःच चिरले, मीठ लावून तेजरामच्या पुढे ठेवले. जुन्या लोकांच्या गोष्टी काढल्या. मैनाबाईनं चहा केला. तेजराम हूं हूं करत होता. थोडा बरा वाटत होता, एकदा हसलाही. मग शामराव "आलोच" म्हणून उठला आणि न्हाणीत गेला.

न्हाणी त्या खोलीला लागूनच होती. दाराची फट कधीच बुजवलेली नव्हती. तेजरामला आवाज आला. जोराची, सलग, न तुटणारी धार. ती थांबेचना. बादलीत नळ सोडल्यासारखी ती वाजत राहिली. तेजरामच्या हातातली पेरूची फोड हातातच राहिली. त्याच्या मांडीला बांधलेली थैली गरम होती.

शामराव हात पुसत बाहेर आला.

"माह्या घरी येऊन मुतून दाखवतं का मले?" तेजराम म्हणाला.

"काय?"

"ऐकवाले आलता ना? ऐकलं. आता जाय."

"तेजराम, काय बोलून राहिला गा तू..."

"तूच नेलं मले तिकडे. वाफ सोडतेत म्हणे, धार लागते म्हणे! माह्या जिंदगीची वाफ करून टाकली तू. चालला जाय इथून. परत पाय नोको ठेवू."

मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शामरावनं चपला शोधल्या, एक सापडत नव्हती, ती खाटेखाली गेली होती. तो वाकला, ती काढली, आणि निघून गेला. फाटक लावायचंही त्याला सुचलं नाही.

"देवमाणूस हाय तो," मैनाबाई म्हणाली. तेजरामनं तिच्याकडे पाठ फिरवली. आपण बोललो ते खोटं आहे, हे त्याला बोलतानाच ठाऊक होतं. तरी ते शब्द परत घ्यावेत, असं त्याला वाटेना. आतमध्ये कुठेतरी त्याला बरंसुद्धा वाटलं होतं, आणि त्याचीच त्याला पुढे जास्त लाज वाटू लागली.

पावसाळ्यात नळीमुळे आत जंतू वाढून विष झालं. थंडी वाजून ताप चढला, तो बडबडू लागला, आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. ताप उतरल्यावर डॉक्टरनं साफ सांगितलं, कायमची नळी ठेवली तर हे पुन्हा पुन्हा होणार. तेव्हा तेजराम शिकला. साबणानं हात धुवायचे, पातळ नळीला जेली लावायची, श्वास सोडायचा, हळूहळू आत सरकवायची. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा नर्स म्हणाली, "वाह, दादा!" तेजरामला ओकारी आली.

जगणं त्यावर चालू लागलं. ताप थांबला, थैली गेली, अंगात जरा ताकद आली. बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस सुधारला. तो मात्र दिवसभर त्या कामाचीच वाट बघत असायचा, आणि ते काम उरकलं की पुढच्याची. वाट तर मोकळी झाली होती. त्या वाटेनं जायला आत काही उरलं नव्हतं.

दसऱ्यानंतर मैनाबाईनं बातमी आणली. शामराव घर विकून नागपूरला मुलाकडे कायमचा चालला होता. सामान ट्रकनं गेलं होतं, नवरा-बायको दुपारच्या गाडीनं दुर्गहून निघणार होते.

"मले काय," तेजराम म्हणाला. पण सकाळी तो दाढी करून बसला. पांढरा शर्ट घातला. नीतूला म्हणाला, "स्टेशनवर चालतं का माह्यासंग?"

निघायला उशीर झाला, रस्त्यात गर्दी लागली. दुर्गला पोचेपर्यंत पोटात तडस भरली होती. उत्सुकतेनं की भीतीनं, सकाळपासून तो पाणीही जास्त प्यालेला होता. फलाटावर जाऊन भेटून मग करावं, असं आधी वाटलं. पण चार पावलं टाकली आणि कळ अशी उठली की तो कठड्याला धरून उभा राहिला.

"तू पुढं जाय," तो नीतूला म्हणाला. "त्याइले सांग, मी येऊन राहिलो म्हणून. मी आलोच."

स्टेशनच्या संडासात पाय ठेवायला जागा नव्हती. कडी लागत नव्हती. त्यानं पाठीनं दार रेटून धरलं, नळ्यांची पिशवी दातांत धरली, बाटलीच्या पाण्यानं हात धुतले. पहिली नळी हातातून सुटून ओल्या फरशीवर पडली. दुसरी काढली. बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं, "कितना टाइम लगेगा?" डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला ते पुसताही येत नव्हतं.

तो पूल ओलांडून फलाटावर उतरला तेव्हा गाडीचे शेवटचे डबे पुढे सरकत होते. नीतू रिकाम्या फलाटावर उभी होती.

"काकाजी दरवाजात उभे होते, बाबूजी," ती म्हणाली. "मी बोलली, बाबूजी आले आहेत, बस पाच मिनट. ते तुमालेच पाहून राहिले होते. मग गाडी सुटली."

"काही म्हणला का?"

"नाही. हात जोडला फक्त."

तेजराम बाकावर बसला. नीतूनं मोबाइल काढून नंबर लावला आणि त्याच्या हाती दिला. तिकडे रिंग वाजत राहिली, कुणी फोन उचलला नाही. डब्यातल्या गोंधळात ऐकू आला नसेल, असं नीतू म्हणाली. पुन्हा लावू का, असंही तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. नको.

घरी पोचले तेव्हा मैनाबाई फाटकातच उभी होती. तिला दुरून नीट दिसत नव्हतं, म्हणून ती डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"भेटले का शामराव भाऊ?"

"भेटला," तेजराम म्हणाला.

नीतूनं त्याच्याकडे पाहिलं.

"काय म्हणले मंग?"

"काय म्हणते? चालला गेला."

तो मागच्या खोलीत गेला, शर्ट काढून खुंटीला लावला आणि खाटेवर आडवा झाला. कुठे जायचं म्हटलं तर आता जायचं नाही, कुणी बोलावलं तरी नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. बाहेर मैनाबाई सुनेला पुन्हा पुन्हा विचारत होती, भाऊ कसे दिसत होते, वहिनी रडली का, गळाभेट झाली का. नीतू एकेक उत्तर देत होती, आणि प्रत्येक उत्तर खोटं होतं.