डाव्या मनगटावर गप्प बसलेला डॉप्लर

मी डॉप्लर बोलतोय. पेनाएवढी दांडी, साबणाच्या डबीएवढं खोकं, मधे चिकटपट्टीनं गुंडाळलेली वायर. कातडीवर जेल लावून मला टेकवा. आत धमनीतून रक्त वाहत असेल, तर मी भुस्स-भुस्स करतो. शिक्षण तेवढंच, एका अक्षराचं.

स्वभाव मात्र वात्रट. मोठे सर राउंडला आले की मुद्दाम मुका व्हायचो. टपली बसली की भुस्स. शिकाऊ डॉक्टरांचे कान लाल झालेले बघायला फार मजा यायची.

ती मजा एका दुपारी अंगाशी आली. चार वर्षांची टिकली घसरगुंडीवरून पडली होती, डाव्या कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. भूल देऊन हाड बसवलं. शिकाऊ डॉक्टरनं मनगट धरलं नि म्हणाला, नाडी लागतेय. लागणारच. घाबरलेला माणूस घट्ट दाबतो आणि स्वतःच्याच बोटाचे ठोके मोजतो. सिस्टरबाईंना मात्र पंजा गार लागला, बोटं पांढरी दिसली. त्यांनी मला खणातून काढलं.

मी ऐकलं. आत काहीच नव्हतं.

"ह्या म्हाताऱ्याचं नेहमीचंच नाटक," म्हणत शिकाऊनं टपली मारली. मग दुसरी. मग तिसरी. जन्मात पहिल्यांदा माझं गप्प बसणं खरं होतं, आणि सांगू कसं? रक्ताविना हात फार तर सहा तास तगतो. त्यातले चार पडल्यापासून उलटले होते.

दाराशी आई उभी होती, हातात टिकलीचा एकच बूट. "सिस्टर, ती डावखुरी आहे हो," एवढंच म्हणाली.

सिस्टरबाईंनी मला उजव्या मनगटावर टेकवलं. भुस्स-भुस्स, भुस्स-भुस्स.

"यंत्र ठीक आहे, डॉक्टर. हात ठीक नाही. सरांना बोलवा."

हाडाच्या टोकानं धमनी चिरडली होती. काडेपेटीतल्या काडीएवढी ती. सरांनी खराब तुकडा कापला, पायातली शीर काढून तिथं जोडली. मग निर्जंतुक पिशवी घालून मला डाव्या मनगटावर ठेवलं.

काही नाही.

कुणीच टपली मारेना, तेच सोसवेना. खोटं भुस्स करता आलं असतं तर शपथेवर केलं असतं. सरांनी बोटानं शीर हळूच चोळली. मग खूप लांबून, मांजरानं जिना उतरावा तसं, एक भुस्स. थांबलं. मग दुसरं.

परवा टिकली तपासणीला आली. जाताना मला टपली मारून गेली, डाव्या हातानं.

आता बॅटरी टिकत नाही, वायर कधीही तुटेल. एकच मागणं. मी गप्प बसलो तर मला बडवू नका. आधी दुसऱ्या हाताला लावा. तिथं बोललो, तर पळा.