माझ्या वायरीला बांधलेले धागे

मित्रांनो, मी एक जुनी, दमलेली स्कूटर आहे. खटारा म्हणू नका, तो हक्क फक्त घरच्यांचा. माझा हिरवा रंग आता हेडलाइटच्या मागे तेवढा उरलाय, हँडल उजवीकडे ओढतं आणि ब्रेक दाबला की मी आधी जरा विचार करते. आताशा कशाचं काही वाटत नाही. तरी एक गोष्ट सांगायची राहिलीय, कारण ती मला कुणी विचारलीच नाही.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. खूप ठोकाठोक झाली, एवढं खरं. मग आगगाडीत बसून इंदूरला आले. चिंतामणरावांनी माझ्यासाठी नंबर लावला तेव्हा त्यांना दाट केस होते; नंबर लागला तेव्हा कंगव्याला काम उरलं नव्हतं. रामबागेतल्या आमच्या गल्लीत मी पहिलीच स्कूटर. लोक मुलांना दाखवायला आणायचे. एका आजोबांनी तर मला चारा काय घालता असं विचारलं होतं.

चिंतामणरावांच्या आई, रमाबाई, यांनी मला घरात घेण्याआधी खजरान्याच्या देवळात नेलं. गणपतीपुढे उभं करून त्यांनी विचारलं, "चिंतू, हिचा जीव कुठे असतो रे?"

चिंतूला मशीनरीतलं एवढंच माहीत होतं. त्यानं ऐटीत माझं बाजूचं झाकण काढलं आणि प्लगची वायर दाखवली. रमाबाईंनी देवाचा लाल धागा त्या वायरीला गुंडाळला आणि सुटू नये म्हणून टोक शेजारच्या बोल्टाला बांधलं. गाठ पक्की होती. माया पक्की असली की गाठ पक्कीच असते.

उन्हाळ्यात त्या धाग्यानं कधी त्रास दिला नाही. पावसात मात्र तो भिजायचा. वायरीचं रबर हळूहळू तडकलं. मग ठिणगी प्लगकडे निघायची, वाटेत ओल्या धाग्यावरून घसरायची आणि बोल्टात जाऊन विझायची. किकवर किक बसायची आणि मी नुसती फुस्स करायची. रमाबाई म्हणायच्या, "नजर लागली बिचारीला." की लगेच खजराना, की आणखी एक धागा. जुना काढायचा नाही, तो आपोआप तुटला तर तुटला. काही पावसाळ्यांनी माझ्या वायरीला चांगली मुठीएवढी लाल गुंडाळी झाली.

लक्ष्मण मिस्त्रीकडे मला ढकलत नेईपर्यंत ऊन पडायचं, धागे वाळायचे आणि मी पहिल्याच किकला सुरू. तो गुंडाळीला हात जोडायचा, तिच्या आजूबाजूचं सगळं पुसायचा आणि म्हणायचा, "भिया, ही तर एकदम फर्स्ट क्लास आहे. तुमच्या घरचं पाणी सूट नसेल होत हिला."

मी ऐकून घ्यायची. बोलता येत नाही त्यानं दुसरं काय करायचं?

मग तो दिवस आला. कमलवहिनी, चिंतामणरावांच्या पत्नी, लग्नाआधी गणपती उत्सवात गायच्या. लग्न झालं आणि गाणं पोळ्या लाटता लाटता गुणगुणण्यापुरतं उरलं. त्यांनी कुणाला न सांगता रेडिओवर गाण्यासाठी अर्ज केला होता. आवाजाच्या परीक्षेचं बोलावणं आलं, सकाळी दहाला. चुकलं तर पुन्हा कधी बोलावतील, कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी पावसाची झडी लागलेली. शेजारचे जयसिंगराव म्हणाले, "चिंतामण, तांगा सांगून ठेव."

"घरात स्कूटर असताना तांगा? लोक हसतील, जयसिंगराव."

लोकांना हसायला मग बरंच काही मिळालं.

चिंतामणराव किक मारून थकले. जयसिंगरावांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यामुळे अडलेल्या वाहनांवर त्यांचा वंशपरंपरेनं अधिकार. त्यांनी माझं हँडल चुचकारलं. मग मला आडवी केली, उभी केली, पुन्हा आडवी केली.

"प्लग गीला आहे," ते म्हणाले. "सिगडीवर धरा."

प्लग पेट्रोलनं निथळत होता. स्वयंपाकघरात भप्प असा आवाज झाला. जयसिंगराव बाहेर आले तेव्हा त्यांची मिशी डावीकडे होती तेवढीच उरली होती.

"शेकला बरोबर," ते शांतपणे म्हणाले. "लाव."

लावला. फुस्स.

"धक्का स्टार्ट!" पुढे चिंतामणराव, मागे जयसिंगराव आणि नेसूची रेशमी साडी खोचून कमलवहिनी. गल्लीच्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं. तोवर चौकातले तांगेवाले घोडे घेऊन घरी गेले होते. फाटकापाशी वहिनी थांबल्या. पदरातून पाणी गळत होतं.

"बस झालं," त्या म्हणाल्या. "मी चालत जाते."

"अगं, भिजून आवाज बसेल!"

"तो बसूनच आहे इतकी वर्षं."

तेवढ्यात रमाबाई देव्हाऱ्यातून नवा धागा घेऊन लगबगीनं आल्या आणि माझं झाकण काढायला वाकल्या.

"आई," कमलवहिनी म्हणाल्या, "आज गाणार कोण आहे? मी की ही?"

"असं काय विचारतेस?"

"तिला इतके धागे बांधलेत. मला एकदाही नाही बांधला."

रमाबाई तशाच वाकून राहिल्या. मग त्यांनी हातातला नवा धागा कमरेला खोचला आणि माझ्या वायरीवरची गुंडाळी सोडायला घेतली.

"आई, काय करून राहिलात? जुना काढायचा नसतो ना?" चिंतामणराव घाबरले.

"तू गप. नव्यात अजून काय बळ असणार? इतक्या वर्षांचं सगळं इथं जमलंय."

गाठी त्यांनी नखानं आणि दातानं सोडवल्या. देवाची जागा म्हणून वायर पदराच्या कोरड्या टोकानं पुसली. मग सगळे धागे पिळून वहिनींच्या मनगटाला बांधले. लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं. "गा," त्या म्हणाल्या. "घाबरू नको. मोकळं गा."

वहिनी छत्री उघडून निघाल्या. जयसिंगरावांनी उरलेल्या मिशीच्या रागानं मला एक लाथ घातली. ती नेमकी किकवर बसली.

मी सुरू झाले.

मित्रांनो, भर पावसात आपला स्वतःचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चिंतामणराव उडी मारून बसले, वहिनींना मागे घेतलं आणि रेडिओ स्टेशनच्या दारात मी त्यांना वेळेत उतरवलं.

वहिनी पास झाल्या. मी सुरू झाल्याचं श्रेय वाटून घ्यायला सगळे बसले. चिंतामणराव म्हणाले प्लग शेकल्याचा गुण, जयसिंगराव म्हणाले लाथेचा, रमाबाईंनी आकाशाकडे हात जोडले. वायरीबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या पावसाळ्यांत मी निमूट सुरू होत राहिले, तर लक्ष्मण मिस्त्री म्हणाला, "पाणी सूट झालं म्हणायचं!"

आता मी अंगणात टेकून उभी असते. घाई कसलीच नाही. रेडिओवर वहिनी लागल्या की रमाबाई दार लोटायचं विसरतात, म्हणून मलाही ऐकू येतं. वहिनी वरच्या सुरावर जातात तेव्हा माझं हँडल घराकडे ओढतं का, ते मी बघत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसांना आणि वस्तूंना जीव लावा, तेल घाला, पुसा. पण तुमच्या घरी एखादी अडून बसली असेल, तर तिच्यावर आणखी काही बांधायच्या आधी थोडा वेळ हात काढून घ्या. कदाचित ती तेवढ्याचीच वाट बघत असेल.