दसऱ्यानंतरच्या फायली

मुलुंडच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात माझ्या बायकोचं, वनमालाचं, केमो चालू होतं. दिवाळीनंतरच्या खेपेला औषध तिला सोसलं नाही, म्हणून डॉक्टर चैतन्यनी ते कमी केलं. किती कमी केलं ते त्यांनी कॉम्प्युटरात लिहिलं. कागद देणं ट्रस्टने केव्हाच बंद केलं होतं.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो, तर ज्या मशीनमध्ये सगळ्या पेशंटांची माहिती असते तो सर्व्हर सकाळीच बंद पडला होता. डिस्कच गेली होती. रोजची पूर्ण नक्कलही त्याच डिस्कवर ठेवलेली.

कॉम्प्युटर सांभाळणारी श्रुतिका म्हणाली, घाबरू नका आजोबा, अंधेरीच्या शाखेत दुसरा सर्व्हर तयार असतो. इथे जे जे लिहिलं जातं त्याची लहान फाईल दर पाव तासाला तिकडे जाते आणि तिथल्या माहितीत भरली जाते. तिने तो उघडला. वनमालाचं नाव सापडलं. पण तिथे तिचं औषध जुनंच होतं, पूर्ण मात्रेचं. दिवाळी त्या मशीनपर्यंत पोचलीच नव्हती.

दिवाळीनंतरच्या फायली तिथे येऊन पडल्या होत्या. श्रुतिकाने एकेक भरून पाहिली. मशीन प्रत्येक वेळी नाही म्हणे. तिथली शेवटची नोंद नवमीची होती. शेवटी तिने अंधेरीचं मशीन सांभाळणाऱ्या नंदकुमारना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आम्ही समोरच बसलो होतो.

"नंदूदादा, नवमीला मशीन बंद केलं होतंत?"

"हो मग. खंडेनवमीची पूजा केली ना. पुजलेलं यंत्र काय लगेच राबवायचं? पुढे शनिवार-रविवार आला. सोमवारी नारळ फोडून चालू केलं. दिवा हिरवा होता, फायली येत होत्या."

"येत होत्या. लागत नव्हत्या."



मग तिने मला समजावलं. फायली क्रमानेच भरता येतात. मधली एक नसली तर पुढची एकही लागत नाही. अंधेरीचं मशीन बंद होतं तेवढ्यात मुलुंडच्या मशीनने तिकडे पाठवायच्या राहिलेल्या फायली जुन्या समजून पुसल्या. बिघाडाची सूचना जायची ती नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर. तरी तिने दोन्हीकडच्या जागा पुन्हा चाळल्या, नंदकुमारनाही शोधायला लावलं. पुसलेलं मिळालं नाही.

मी गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवायचो. खंडेनवमीला साचा पुजला की दसरा होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नसे. नंदकुमारच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. रागवायला कोणी उरलंच नाही.

त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या डॉक्टर दीप्तींनी चैतन्यना फोन केला. ते म्हणाले, इतके पेशंट असतात, अंदाजाने आकडा सांगणार नाही. दीप्तीबाईंनी मग वनमालालाच विचारलं, काही आठवतं का. बाटली लहान होती, एवढंच ती सांगू शकली.

"कमीच द्या ना," ती म्हणाली.

"फार कमी पडलं तर गाठीला काही होणार नाही, आजी. आणि जुन्या मात्रेने मागे काय झालं ते तुम्हीच भोगलंय."

नव्याने तपासण्या करायच्या, मात्रा नव्याने ठरवायची, आणि तोवर केमो थांबवायचं, असं ठरलं. डिस्क दुरुस्तीला जाणार होती. त्यातून काही निघेल का, असं मी श्रुतिकाला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "खोटं कशाला बोलू, आजोबा."

नर्स आली. सलाईनसाठी सकाळी लावलेली सुई काढू लागली. वनमालाने हात जरा मागे घेतला.

"राहू दे गं बाई थोडा वेळ. तीन जणींनी शोधली तेव्हा ही शीर मिळाली."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. मग नर्सने सुई काढली आणि तिच्या हातावर कापूस दाबून धरला.