हलकेबाबांचा वजनकाटा

"पाणी पाजलेलं बकरं माझ्या हाताखालून सुटत न्हाई!" बकऱ्यांचा व्यापारी जालिंदर बेल्ह्याच्या बाजारात, चहाच्या टपरीपुढं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता. "आदल्या दिशी मीठ चारायचं, वर बादलीभर पाणी पाजायचं, की काट्यावर तीन किलो जास्ती. पण पाठीवर हात ठेवला की मला कळतंय. ह्या बाजारात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय."

तो जन्माला आला होता. रस्त्यापलीकडं बाभळीखाली भगव्या गादीवर बसला होता. वय असेल चाळीस.

अर्ध्या तासानं जालिंदर बायकोला घेऊन त्याच्याच रांगेत उभा होता. मला माहीत आहे, कारण माझ्याच टेम्पोतून सगळे आले होते. मी गोरक्ष, त्यांचा शेजारी. मागं तीन बोकड आणि जालिंदरची आई, पुढं जालिंदर आणि त्याची बायको, आशावहिनी.

रांग मोठी होती. गादीवरचे हे हलकेबाबा वजन उतरवून द्यायचे. तेही डोळ्यांदेखत, आकड्यात. त्यासाठी त्यांनी मेंढरं मोजायचा काटा भाड्यानं आणला होता. चारी बाजूंनी लोखंडी पिंजरा, वर लाल आकडे. एकेक जाडजूड माणूस वाकून आत शिरायचं, बाहेरून कडी लागायची, आकडा दिसायचा आणि गर्दी "ओऽऽ" करायची.

"देह म्हणजे माया!" बाबा म्हणायचे. "माया साचली की काटा चढतो. माया सुटली की काटा पडतो. हे सायन्स आहे!"

सायन्स म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारायचं नाही.

संकल्पाचे नियम होते. आधी प्रसादाचा खारट भात पोटभर खायचा. वर दोन तांबे मिठाचं ताक प्यायचं. मोजून होईपर्यंत लघवीला जायचं नाही, संकल्प मोडतो. पदरात एक नारळ आणि सव्वा किलो तांदूळ बांधायचे. मग पिंजऱ्यात जायचं. त्यानंतर सात दिवस सकाळी अंगाऱ्याची एक पुडी, आणि दिवसभरात पाणी तीनच घोट. आठव्या दिवशी निर्जळी उपवास धरून यायचं, नारळ-तांदूळ बाबांपुढं ठेवायचे आणि पुन्हा मोजायचं.

जालिंदरची आई रतनबाई माझ्याशेजारी उभी होती. तिचं सारं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. तिनं नियम ऐकले आणि माझ्याकडं बघितलं.

"गोरक्षा, ह्यो गडी माणसं मोजतोय का बाजार करतोय?"

"आये, गप बस," जालिंदर म्हणाला.

वहिनींना शुगर होती. गुडघे गेले होते. राजुरीच्या डॉक्टर आरतीताईंनी तपासण्या करून वजन उतरवायची सुई सुरू केली होती. आठवड्याला एक, सगळ्यात कमी मात्रेपासून. महिना झाला की बघून वाढवू, म्हणाल्या होत्या. थोडं थोडं खा, डाळ-अंडं सोडू नको, पाणी भरपूर पी. उलट्या थांबेनात किंवा पोट सारखं दुखायला लागलं, तर लगेच ये. आणि दुसरं कसलंही औषध घेणार असलीस, तर आधी मला सांग.

महिन्यात दोन किलो उतरले होते.

"दोन किलो म्हंजे एक कोंबडी," जालिंदर म्हणायचा. "अशानं कवा व्हायचं?"

वहिनी पिंजऱ्यात शिरल्या. चौऱ्याण्णव पूर्णांक सहा.

"बाबा, मी सुई घेते डॉक्टरची," त्या आतूनच म्हणाल्या.

"घे की! पुडीनं सुईला जोर येतो. फक्त डॉक्टरला बोलायचं न्हाई. बोललं की गुण जातो."

त्या आठवड्यात मी दोनदा वहिनींना अंगणात बसलेलं बघितलं. पायात गोळे येत होते. जीभ कोरडी पडली होती. आधीच सुईनं भूक कमी, त्यात पाणी तीन घोट. पुडी घेतली की मात्र दिवसभर मोरीकडं फेऱ्या.

"कसं वाटतंय, वहिनी?"

"कायच वाटत न्हाई, भावजी," त्या म्हणाल्या. "ना भूक, ना तहान, ना राग. भिंतीसारखं झालंय."

"माया सुटतीय," जालिंदर म्हणाला.

आठव्या दिवशी पुन्हा बाजार. पुन्हा टेम्पो, पुन्हा तीन बोकड, दुसरे. वहिनी पिंजऱ्यात शिरल्या. सत्त्याऐंशी पूर्णांक एक. सात दिवसांत साडेसात किलो!

गर्दीनं शिट्ट्या मारल्या. जालिंदर मोबाईलवर शूटिंग घेत होता. त्याच्या पडद्यावर आकडा दिसत होता, आणि आकड्याखाली त्याची बायको गजाला धरून हळूहळू खाली सरकत होती. तो आकड्याचंच शूटिंग घेत राहिला.

"बघा!" बाबा ओरडले. "देह इतका हलका झाला, की उभा ऱ्हाईना!"

टाळ्या पडल्या. पहिली ओरडली रतनबाई. कडी मेंढरांची, बाहेरून दाबून वर उचलायची. ती अडकली. जालिंदरनं खेचली तर हातात दांडा आला. शेवटी चौघांनी काटा आडवा केला आणि वरच्या मोकळ्या बाजूनं वहिनींना बाहेर ओढलं. आडवा पडलेला काटा एकशे बारा दाखवत होता. कुणीतरी त्यालाही हात जोडले.

बोकड उतरवायला वेळ नव्हता. राजुरीपर्यंत वहिनींचं डोकं रतनबाईच्या मांडीवर होतं, आणि एक बोकड त्यांचा पदर चघळत होता.

आरतीताईंनी सलाईन लावलं, रक्त घेतलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली. पट्टी बघून त्यांचा चेहरा बदलला.

"पोटॅशियम फार खाली गेलंय. हृदयाचे ठोके चुकतायत. अंगात पाणी नाही. सुई सोडून काय घेतलंय हिनं?"

जालिंदरनं खिशावर हात दाबला.

"जालिंदरभाऊ, मी काय विचारतेय? समजलं नाही तर मी चुकीचा उपचार करीन. ती जाईल."

बोललं की गुण जातो, हे त्याच्या डोक्यात इतकं बसलं होतं, की बायको जाईल हे आत शिरायला जागाच नव्हती. रतनबाईनं सरळ त्याच्या खिशात हात घातला आणि पुढच्या आठवड्यासाठी आगाऊ घेतलेल्या पुड्यांतली एक टेबलावर ठेवली.

ताईंनी पुडी उजेडात धरली. राखेत पांढरा चुरा चमकत होता.

"तपासायला पाठवते. पण लक्षणांवरून लघवी वाढवायची गोळी दिसतेय, कुटून घातलेली. ह्या गोळीनं चरबी उतरत नाही. नुसतं पाणी जातं, आणि पाण्याबरोबर क्षार."

"बरं, पण साडेसात किलो?" मी विचारलं. "सगळं पाणीच?"

"ते मी सांगते," रतनबाई म्हणाली. "मीठ चारलं, ताक पाजलं, पदरात नारळ-तांदूळ बांधलं आन् मोजलं. दुसऱ्या येळंला उपाशी, तहानेली, पदर मोकळा. ह्यो बकऱ्याचा धंदा हाय, डाक्टरीणबाई. माझा ल्योक दर बाजाराला हेच करतोय."

"आये, मी फकस्त दुसऱ्यांचं पकडतो—"

"परवाच्या काळ्या बोकडाला काय पाजलं व्हतंस? गंगाजल?"

वहिनी तीन दिवस तिथं होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून नवऱ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

"तुमी मेंढराच्या पाठीवर हात ठेवून वळखता. माझ्या पाठीवर एकदा ठेवायचा व्हता."

जालिंदर बाहेर जाऊन टेम्पोच्या फळीवर बसला. मी चहा आणून दिला. तो त्यानं हातात धरला. गार झाला तरी धरूनच होता.

पुढच्या बाजारी रतनबाई बाबांच्या पिंजऱ्यात शिरली. एक्कावन्न पूर्णांक दोन. बाहेर येऊन तिनं प्रसादाचा भात खाल्ला, दोन तांबे ताक ढोसलं, नारळ-तांदूळ पदरात बांधले आणि पुन्हा आत गेली. चोपन्न पूर्णांक नऊ.

"बगा रं! एका तासात पावणेचार किलो माया!" ती आतून ओरडली. मग तिनं नारळ-तांदूळ गजातून बाहेर टाकले. त्रेपन्न. "आन् ही चालली दोन किलो. पुडी बी घेतली न्हाई मी. बाकीची सोडाय बाभळीमागं जाऊन येऊ का, बाबा?"

गर्दी हसली. बाबा हसले नाहीत. "आजी माझी परीक्षा घेतीय," म्हणत त्यांनी मोटारसायकलची चावी शोधायला सुरुवात केली. जालिंदरनं चावी आधीच काढून ठेवली होती. त्याच्या तक्रारीवर पोलिसांनी बाबांना नेलं. पुड्यांचा अहवाल आला, ताई म्हणाल्या तेच त्यात होतं.

वहिनींची सुई ताईंनी काही दिवस बंद ठेवली. रक्ताचे रिपोर्ट सुधारल्यावर पुन्हा कमी मात्रेपासून सुरू केली. आता महिन्याला दीड-दोन किलो उतरतं. एक कोंबडी. जालिंदर मोजतो, बोलत नाही.

मला एवढंच सांगायचंय. जे औषध डॉक्टरपासून लपवून घ्यावं लागतं, ते घेऊ नका. पुडीत काय आहे ते विचारा. सांगत नसेल तर उठून या. आठवड्यात उतरलेलं वजन बहुतेक पाणीच असतं, ते दोन तांब्यांत परत येतं. चरबी हळू जाते, कुणाचीही असो. आणि आकडा बघून टाळ्या वाजवायच्या आधी आकड्याखालच्या माणसाकडं बघा.

उरलेल्या पुड्या जालिंदरनं घरामागच्या उकिरड्यावर फेकल्या. राखेचा खारट वास आला म्हणून शेजारच्या कुंडलिकच्या एडक्यानं, त्याच्या कळपातल्या नर मेंढ्यानं, त्या कागदासकट खाल्ल्या. तो दोन दिवस मुतत होता. बाजारात चार किलो कमी भरला.