आईच्या रकान्यात

"सर, हे पैसे आजपर्यंत कोणाला तरी मिळाले काय?"

प्रश्न गौरजाचा नव्हताच. तो मागच्या बाकावर नम्रता आणि ऋता या दोघींनी मिळून शिजवला होता. "तुझी जीभ हल्ली बरीच चलता मा? मग विचारून दाखव. दोन प्लेटी कांदाभजी!" दिवाळीपर्यंत गौरजा हजेरीलाही ओठांतल्या ओठांत 'हजर' म्हणायची. पण तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली आणि पोरीचा आवाज असा काही मोकळा झाला, की घरातली मांजर तिला बघून वाट बदलायला लागली. भज्यांची पैज ती सोडते थोडीच!

बारावीच्या वर्गासमोर उभे होते कोरगावकर सर, सीताबाई स्मृती ट्रस्टचे. सीताबाई हयातभर काजू फोडत राहिल्या आणि त्यांच्या मुलाने पुढे आईच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली: काजू कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या मुलींसाठी, पदवी संपेपर्यंत फी आणि वसतिगृह, सगळं.

सरांनी चष्मा काढला. "नाही. चार वर्षांत एकीलाही नाही."

वर्ग खदखदून हसला. "भजी गावली गो तुका!" नम्रता कुजबुजली. खरं तर आता गौरजाने बसायचं. पण ती उभीच. वेंगुर्ल्यात गल्लीगल्लीत काजूचे कारखाने, आणि एकही मुलगी नाही?

"पण का नाही, सर?"

हा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता.

सरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "शनिवारी ओरोसला ट्रस्टच्या ऑफिसात ये. फाइल दाखवतो. यंदाची शेवटची तारीख सोमवार आहे, लक्षात ठेव."

लक्षात न राहायला काय झालं! गौरजाची आई सुभद्रा नऊ वर्षं कारखान्यात काजू फोडत होती. आणि गौरजाला शिकायची होती उद्यानविद्या. लहानपणी गावातल्या फळ संशोधन केंद्राच्या कुंपणापलीकडे तिने काजूची कलमं पाहिली होती. त्यांची नावं म्हणे वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात. 'मग पाच आणि सहा खंय गेले?' या प्रश्नाने तिने तेव्हा घरादाराचं डोकं खाल्लं होतं, आणि तो अजून तिच्या डोक्यातून गेला नव्हता. बाबांचं देवळाजवळ पूजासाहित्याचं छोटं दुकान. त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला होता: "फीचा कसाय जमवीन, हॉस्टेलाचा जमाचा नाय. हयच बी. ए. कर."

शनिवारी ती नम्रताला ओढत एसटीने ओरोसला गेली. ट्रस्टचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. सरांनी फाइल उघडली आणि प्रत्येक अर्जावरचं नाव लाकडी फुटपट्टीने झाकलं. "नावं नको. बाकी वाच."

अकरा अर्ज होते. अकराही अर्जांना आई तिथे काम करते असं कारखान्याचं पत्र जोडलेलं, शिक्क्यासकट. गौरजा पानं उलटत गेली. मार्क चांगले, अक्षर नीट, फोटो चिकटवलेले. मग अडलं कुठे? सहाव्या अर्जाशी तिचं बोट थांबलं. ती परत पहिल्या अर्जाकडे गेली, मग दुसऱ्याकडे.

"सर, आईचा व्यवसाय... सगळ्यांनी 'गृहिणी' लिहिलंय!"

"अकराही जणींनी. समिती मला विचारते, पत्र खरं की अर्ज खरा? मी घरोघर फोन केले. एकीचे वडील म्हणाले, 'साहेब, पत्र ठेवा, पण लिवची गरज काय?'"

नम्रता फिस्सकन हसली. गौरजा हसली नाही. पाचवीपासून प्रत्येक फॉर्म तिने स्वतःच्या हाताने भरला होता. देवळासमोरून जाताना हात जसा आपोआप छातीकडे जातो, तसाच तो त्या रकान्यात गेला की 'गृहिणी' लिहायचा. कोणी शिकवलं होतं तिला? कोणीच नाही. मग कळलं कुठून?

रविवारी सकाळी आई चुलीशी घावणे घालत होती. बोटांची टोकं काजूच्या तेलाने काळी पडलेली. खोबरेल लावून आणि राखेने घासूनही तो काळेपणा जात नसे. कोरा फॉर्म मांडीवर घेऊन गौरजा शेजारी बसली.

"आये, तू दिवसाक किती काजी फोडतंस?"

"मी काय कामाक जातंय? घरातला आवरून चार काजी फोडून येतंय."

"पण किती?"

आईने घावणा उलटला. "धा किलो. कधी बारा. आणि तुकडो पडूक देणंय नाय हां! अख्खो गर काढूक हात व्हयो. नवीन बायो येतत, त्यांका मालक माझ्याच बाजूक बसयता."

एवढं बोलून ती स्वतःच दचकली, जणू दुसऱ्याच कोणा बाईबद्दल ऐकलं. गौरजा तर बघतच राहिली. नऊ वर्षं एका घरात, आणि आई कारखान्यात नव्या बायकांची मास्तरीण आहे हे तिला माहीतच नव्हतं!

बाबा देवस्थानच्या सभेला निघाले होते. फॉर्म दिसला तसे उंबऱ्यावर थांबले. गौरजाने ओरोसची सगळी हकीकत सांगितली. बाबांची मान हळूहळू खाली गेली.

"पत्र जोड. पण ता लिवा नको."

"सगळ्यांका ठावक आसा, बाबा."

"ठावक असणा येगळा, लिवान देणा येगळा! उद्या सभेत कोण बोललो, ह्येची बायल कारखान्यात जाता, तर मी काय सांगू?"

"इतकी वर्सां काय सांगतास?" आईने विचारलं.

बाबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "भयणीकडे गेली म्हणान."

"नऊ वर्सां? रोज?" आई हसायलाच लागली. "अवो, माझ्या भयणीक तरी सांगा! ती म्हणता, मी तिच्याकडे येवकच नाय!"

बाबांनाही हसू आलं, पण ते लगेच आवरून ते फॉर्मकडे बघत राहिले. आई हसायची थांबली. तिने आपली बोटं पदराखाली घेतली आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, परत बाहेर काढली. तव्यावरचा घावणा करपला.

गौरजा उठून उभी राहिली. वक्तृत्व स्पर्धेत राहिली होती तशीच.

"बाबा, आये, मी ठरयलंय. आवशीच्या रकान्यात मी 'काजू कामगार' लिवतलंय, आणि खाली पालकाची सही आयेची. शिष्यवृत्ती गावली तरी फुडच्या सगळ्या फॉर्मांत ह्याच लिवतलंय, नाय गावली तरी ह्याच. उद्या पयल्या गाडयेन मी ओरोसाक जातंय."